नोंदवहीतलं दुसरं नाव

नांदूरमध्यमेश्वरहून परत येऊन आठवडा झाला, तरी माझ्या सलवारीवरचा चिखल काही जात नाही. दोनदा भिजवली, ब्रशने घासली, लिंबू चोळलं. शेवटी आमचे हे म्हणाले, "पक्षी बघायला गेली होतीस की म्हशी धुवायला?" कॉलनीतल्या बायका जिन्यात गाठतात आणि विचारतात, "काय हो बाई, फ्लेमिंगो दिसले का? फोटो टाका की ग्रुपवर." फोटो नाहीत. जे झालं त्याचा फोटो निघत नाही, आणि निघाला असता तरी मी टाकला नसता. पण ज्यांनी ते पाणी पाहिलेलं नाही त्यांना सांगायला तर हवं. आणि ते सांगायचं तर मंगलच्या नावानं माझ्या पोटात किती दुखलं, तेही सांगावं लागणार.

मी सुनंदा. नाशिकमध्ये शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गेले अकरा हिवाळे मी खैरनार सरांच्या गटाबरोबर निफाड तालुक्यातल्या या पाणथळीवर तीन दिवस कामाला जाते. सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आता निवृत्त आहेत, पण आवाज अजून वर्गातलाच. काम म्हणजे अगदी साधं. काठावर माजलेली बेशरमीची झुडपं उपटायची, पाण्यावरची जलपर्णी दोराने ओढून बाहेर काढायची, आणि पानकणसाचं, म्हणजे पाण्यातल्या उंच गवताचं, रान फार दाटलं असेल तर वनखात्यानं आखून दिलेल्या पट्ट्यात ते विळ्याने कापायचं. नाहीतर लांबून आलेल्या बदकांना उतरायला उघडं पाणीच उरत नाही. दिवसभर काम आणि संध्याकाळी कोणी कोणता पक्षी पाहिला त्याची नोंद. नोंदवही मी लिहिते, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

या नोंदवहीचा सरांचा एक कडक नियम आहे. पक्षी एकट्यानं पाहिला तर तो लिहायचा नाही, दोघांनी पाहिला तरच लिहायचा. पक्ष्यापुढे पहिलं नाव, दुसरं नाव. पूर्वी आमच्यातले एक दाताचे डॉक्टर एकटेच फिरून यायचे आणि जगात कुठे नसतील असे पक्षी सांगायचे, तेव्हापासून हा नियम आला. आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्या जागी पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्यांची यादी आहे. अकरा वर्षांत त्या पानावर माझं नाव एकदाही आलेलं नाही. लिहिलं मात्र सगळं मी.

आणि मंगल? मंगल आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते, ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मागच्या हिवाळ्यात माझा ब्लाउज द्यायला आली, तेव्हा मी बॅग भरत होते. "अगंबाई ताई, तिकडंच तर माझं माहेर!" असं म्हणाली, आणि मी मोठ्या मनानं म्हटलं, "चल मग." कर्म माझं! एका वर्षात ही बाई सगळ्यांची लाडकी झाली.

शुक्रवार

निफाडची थंडी नाशिककरांना सांगून खरी वाटत नाही. आपण गंगापूर रोडला स्वेटर घालतो आणि थंडी थंडी करतो, पण तिथे पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवलेल्या असतात, मणी तडकू नयेत म्हणून. गाडीची काच खाली केली की धूर आणि ओल्या मातीचा वास एकदम आत येतो. ओळीनं बागा, मधे ऊस, मग पुन्हा बागा, आणि अचानक समोर पाणी. गोदावरी आपल्याकडे रामकुंडावर पायऱ्यांत बांधलेली असते. इथे तीच नदी बंधाऱ्यामागे पसरून बसली आहे. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळतच नाही. सकाळी त्यावर धुकं आणि धुक्याच्या आतून बदकांचा नुसता कालवा. दिसत काही नाही. मग ऊन चढतं आणि एकेक उलगडतं. चक्रवाकांच्या तांबूस जोड्या, तलवार बदकं, थापटे, चिखलात लांब गुलाबी पायांवर चालणारे शेकाटे. दरवर्षी मी त्या क्षणाला गप्प होते, आणि मला गप्प करणं सोपं नाही.

गप्प झाले खरी, पण न्याहारीला बसलो आणि माझं तोंड आंबट झालं. मी पहाटे चारला उठून मेथीचे पराठे केले होते. मंगलनं वांग्याचं भरीत, बाजरीच्या भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणला होता. पराठ्यांचा डबा सगळ्यांपुढून फिरला आणि जवळजवळ तसाच माझ्याकडे परत आला. खैरनार सर, ज्यांना पथ्यपाणी म्हणून मी दरवर्षी कमी तिखटाचं करून नेते, ते ठेच्याला बोट लावत म्हणाले, "मंगलताई, काय हात आहे तुमचा!" अकरा वर्षांत मला एकदाही असं म्हणाले नाहीत.

तिथले जुने वाटाडे भिकातात्या. सत्तरीचे असतील, डोक्याला मफलर, पायात काही नाही. ते मला 'बाई' म्हणतात आणि मंगलला 'मंगे'. ती त्यांच्या ओळखीच्या घरातली निघाली, तिच्या थोरल्या चुलत्याबरोबर ते एकेकाळी मासे धरायचे. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली. अकरा वर्षांत माझं माहेर कुठलं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी माझा घोटाळा झाला. काठाजवळच्या उथळ पाण्यात वाळक्या काट्या कशाही उभ्या होत्या, दहाबारा असतील. आम्हा शहरातल्या लोकांचा हात शिवशिवतो. पसारा दिसला की आवरायचा. मी गुडघाभर पाण्यात उतरले, सगळ्या उपटल्या, काठावर एका रेषेत रचून ठेवल्या, आणि सरांना दाखवायला हाक मारली. सरांच्या आधी तात्या आले.

"बाई, ह्या आम्ही रोवल्यात."

"कशाला?"

"खंड्याला बसाया. मासा बघाया त्याला जागा नको? तुम्ही तर त्याचा पाटच काढून घेतला."

मंगल तोंडाला पदर लावून हसली. वाईट मनानं नव्हती हसली, मला माहीत आहे. पण ती चटकन पाण्यात उतरली, एकेक काटी परत रोवली, कुठली कुठे होती तेही तिला आठवत होतं, आणि तात्या म्हणाले, "हिला डोळा हाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डोळा आहे म्हणे! हिला चक्रवाक आणि थापट्यातला फरक कोणी शिकवला?

शनिवार

कापायचे चार पट्टे होते. चौथा पट्टा बंधाऱ्याकडच्या अंगाला, सगळ्यांत जुनं आणि दाट पानकणीस. डोक्याएवढं उंच, हिवाळ्यात वाळून भाकरीच्या कडेसारखं खरपूस झालेलं. रविवारी तो कापायचा होता. पण आधी बघायचं, की आत कोणी राहायला आहे का. राहतं असेल आणि त्याची नोंद झाली, तर बांबूला लाल कापड बांधायचं आणि उन्हाळ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. हाही सरांचाच नियम. त्या पट्ट्यावर नजर ठेवायला सरांनी जोडी लावली, मी आणि मंगल. मला वाटलं, मुद्दाम लावली.

पाण्याच्या अलीकडे बांधावर गोणपाट टाकून आम्ही बसलो. माझ्या गळ्यात दुर्बीण. ही दुर्बीण मी निवृत्तीच्या पैशातून घेतली आहे आणि तिला मी ह्यांनाही हात लावू देत नाही. मंगलला दुर्बीण जमत नाही, एक डोळा आपोआप मिटतो. ती नुसती बसली होती, शेंगा सोलत.

तासभर काही नाही. एक जांभळी पाणकोंबडी शेपटी उडवत गेली. वर भोवत्या, तो शिकारी पक्षी, घिरट्या घालत होता, तो आला की बदकं एकदम गप्प. मग मंगलनं शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"ताई, ती काडी बघा."

"कुठली?"

"ती, वाकडीच्या डावीकडं. वारं नाय तरी हलली."

मी दुर्बीण लावली. पानकणीस, पानकणीस, पानकणीस. आणि मग त्या काड्यांमध्ये एक डोळा.

तपस्वी. बगळ्याच्या जातीतलाच, पण मोठा, वाळक्या पानकणसाच्या रंगाचा, अंगभर तशाच उभ्या रेघा. चाहूल लागली की तो उडत नाही, चोच आभाळाकडे करून काडीसारखा उभा राहतो. आमच्याकडे हिवाळ्यात कधीमधी येतो असं नुसतं ऐकलं होतं. अकरा वर्षं मी या एका पक्ष्याची वाट बघत होते. चित्रातून त्याच्या रेघा मला पाठ होत्या. आणि तो दिसला कुणाला? शेंगा सोलणाऱ्या बाईला, नुसत्या डोळ्यांनी, दुसऱ्याच वर्षी!

"दिसला का?" मंगल कुजबुजली. "पक्षी हाय ना तो?"

माझ्या तोंडून गेलं, "काडीच आहे गं. मला काही दिसत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं फोन काढून फोटो घेतला. त्यात नुसतं पानकणीस आलं. त्या पक्ष्याची सगळी हुशारी तीच आहे. मी परत दुर्बीण लावली नाही. लावली असती तर तो परत दिसला असता.

संध्याकाळी पाचला गावातल्या शाळेच्या ओसरीत वही उघडली. आम्ही तिथेच मुक्कामाला होतो. तात्यांच्या सुनेनं कुळथाची शेंगोळी केली होती, लसणाचा वास सगळीकडे दरवळत होता. सर एकेक पट्टा विचारत होते, मी लिहीत होते. चौथा पट्टा आला.

"सर, मी तपस्वी पाहिला," मंगल म्हणाली. तिला ते नाव मीच शिकवलं होतं, मागच्या वर्षी, माझ्या पुस्तकातून. सरांनी मान वर केली.

"नक्की?"

"नक्की. चोच वर करून उभा होता."

सर माझ्याकडे वळले. "बाई, दुसरं नाव तुमचं ना?"

आता सांगते, त्या वेळी मला काय वाटत होतं. शेवटच्या पानावर पहिलं नाव मंगल आणि दुसरं सुनंदा, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं, माझ्याच अक्षरात. दुसरं! मी म्हटलं, "मला नाही दिसला, सर."

"मग नोंद नाही. चौथा पट्टा उद्या कापायचा."

आणि मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'दुसरं नाव: नाही.' मंगलनं मला शेंगोळ्यांची वाटी आणून दिली, वर तेलही घातलं. मी एक घास खाल्ला आणि वाटी वहीशेजारी तशीच ठेवली.

रविवार

सकाळी सातला विळे घेऊन आम्ही चौथ्या पट्ट्याशी उभे राहिलो. दवानं पानं पांढरी झाली होती आणि बोटं इतकी गारठली होती की मूठ वळत नव्हती. तात्या सरांना म्हणत होते, "सायेब, ह्यो पट्टा जुना हाय. आत कोण असलं तर दुसरीकडं जागा नाय त्याला. बाकीचं समदं बेशरमीनं खाल्लंय." सर म्हणाले, "तात्या, नोंद नाही." तात्यांनी मान खाली घातली. नियमापुढे तात्याही बोलत नाहीत.

कापायला लागलो. घरी आपण झाडझूड करतो तेव्हा मागे वळून बघितलं की बरं वाटतं, इतकं आवरलं म्हणून. इथे मी मागे वळून बघितलं तर उघडा चिखल आणि कापलेली बुडखी. माझ्या डावीकडे मंगल होती. ती कापत होती, पण हळू, एकेक धाट बाजूला करून आत बघत बघत. ज्या वाकड्या धाटाजवळ काल तो उभा होता, ते आता आमच्यापासून दहा हातांवर आलं होतं. आठ हात. सहा.

"थांबा!" मी ओरडले.

सगळे थांबले. सरांनी विचारलं, "काय झालं? साप?"

"नाही. सर, काल मी पाहिला. तपस्वी. दुर्बिणीतून स्वच्छ पाहिला. मी खोटं बोलले."

दाताचे डॉक्टर खोकले.

"का पण?" सरांनी विचारलं, आणि तो त्यांचा वर्गातला आवाज होता.

साठीची बाई, हातात विळा, गुडघाभर चिखलात. काय सांगणार? जे होतं ते सांगितलं. "मंगलनं आधी पाहिला म्हणून. मला सहन नाही झालं."

मंगल खाली बघत होती. सरांनी विळा खाली ठेवला. मला वाटलं, आता वही मागवतील आणि माझं नाव घालतील. पण खैरनार सर म्हणजे खैरनार सर.

"बाई, काल तुम्ही नाही म्हणालात, आज हो म्हणता. उद्या कुणी विचारलं तर कुठलं खरं धरायचं? तुमचं नाव चालणार नाही. मंगलताईंबरोबर दुसऱ्या कुणीतरी पाहिला पाहिजे. दहापर्यंत थांबू. नाही दिसला तर..."

माझ्यामुळे मंगलचा पक्षी गेला होता, आणि आता मी तो तिला परतही देऊ शकत नव्हते. त्या क्षणी पहिल्यांदा मला तिच्यासाठी वाईट वाटलं. त्याआधीचं सगळं वाईट मला माझ्यासाठीच वाटत होतं.

तात्या मंगलबरोबर बसले. त्यांची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. मी गळ्यातली दुर्बीण काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. ती डोळ्यांना कशी जुळवायची ते दाखवलं. मग सरांनी मला बांधाच्या मागे बसवलं, बाकीच्यांबरोबर, कारण गर्दी दिसली तर तो हलणार नाही. बांधामागून मला दिसत होतं फक्त आभाळ आणि मंगलच्या डोक्यावरचा रुमाल. साडेआठ झाले. नऊ. कॉलेजच्या दोन मुली माझ्यापासून जरा लांब सरकून बसल्या होत्या. साडेनऊ. मी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि तसाच गार होऊ दिला. आयुष्यात मी स्वतःला कधी इतकं लहान बघितलं नव्हतं.

दहाला थोडं कमी असताना तात्यांचा आवाज आला, "अरारारा!"

मी उठेपर्यंत सगळं संपलं होतं. कापलेल्या बाजूकडून तो उडाला होता, म्हणे, जड पंखांनी, पाय लोंबकळत, आणि पट्ट्याच्या उरलेल्या अर्ध्यात पुन्हा उतरला होता. मला दिसलं फक्त हलणारं पानकणीस. मंगल दोन्ही हात गालांवर धरून उभी होती. तात्या हसत होते, त्यांना दातच चार, पण हसू सगळं दिसत होतं.

मंगलच्या पिशवीत कापडाच्या चिंध्या कायमच असतात. तिनं एक लाल ब्लाउजपीस काढून टर्रकन फाडला आणि बांबूला बांधला. अर्धा का होईना, पट्टा राहिला.

मग ओसरीत वही उघडली. पेन माझ्याच हातात होतं. मला कळत होतं की हे मीच लिहायचं आहे. शेवटचं पान काढलं. 'तपस्वी. पहिलं नाव: मंगल. दुसरं नाव: भिका.' अक्षर चांगलं आलं. तात्यांनी आपलं नाव बोटानं तीनदा चाचपून बघितलं. आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच.

परतीच्या गाडीत मंगल माझ्या शेजारी बसली. बागांतून फवारणीचे ट्रॅक्टर चालले होते, औषधाचा वास आत येत होता, म्हणून मी काच वर केली. निफाड गेलं. मग मी विचारलं, "मला दिसला होता हे तुला कळलं होतं का गं?"

"कळलं ना. दुर्बीण फिरत फिरत एकदम थांबली तुमची."

"मग ओसरीत बोलली का नाहीस?"

"मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, ताई?"

चांदोरीजवळ ती पुन्हा माझ्याकडे वळली. जरा अडखळत म्हणाली, "ताई, तुम्हाला शनिवारी जवळून दिसला ना? डोळा कसा होता वो त्याचा?"

"तू नाही पाहिलास?"

"मला शनिवारी नुसती काडीसारखी वर केलेली चोच दिसली. आज नुसती पाठ."

मग मी सांगितलं. डोळा पिवळाधमक, मधे मोहरीएवढा काळा ठिपका. गळ्याखाली तपकिरी रेघा, सरळ, तू मशीनवर मारतेस तशा. चोच वर आभाळाकडे, पण डोळे खाली, चोचीच्या दोन्ही बाजूंनी आपल्यावर रोखलेले. श्वास घेतला की रेघा जराशा फुगायच्या.

ती ऐकत राहिली. मग खिडकीकडे तोंड केलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "लय नशीब तुमचं, ताई."

तो आवाज मी ओळखला. वर्षभर तो माझ्याच घशात होता. आणि खोटं कशाला बोलू, एकदा बोलून झालंय तेवढं पुरे, मला फार बरं वाटलं. चांदोरीपासून नाशिकपर्यंत मी तिला तो डोळा आणखी तीनदा सांगितला.